पांढरे अभ्रे

"घरात पांढरे अभ्रे आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तासगावाहून एसटीनं मिरजेला यायचं, बाकड्यावर ताटकळत बसायचं, ते काय उशांच्या चौकशीसाठी? शेजारी मयूरी बसली होती, तोंड खिडकीकडे करून, ओढणी नाकापर्यंत ओढून. तपासताना डॉक्टरीणबाईंनी ती दोन बोटांनी हळूच खाली केली होती. तेवढ्यापुरती ती खाली राहिली. त्यांनी हात धुवायला पाठ फिरवली की पुन्हा वर.

"फुलाफुलांचे आहेत," मी म्हटलं.

"मग पांढरे शिवा. तोंड पुसायचा टॉवेलही पांढराच. ह्या ट्यूबमधलं औषध रंग उडवतं. कातडीचा नाही हो, कापडाचा. रात्री तोंड साध्या साबणानं धुवायचं. घासायचं नाही. पुसायचंही नाही, नुसतं टिपायचं. चांगलं कोरडं झालं की हे लावायचं, वाटाण्याएवढं."

"एकेका मुरमाला?"

"अहो, सगळ्या तोंडाला मिळून एक वाटाणा. कपाळ, गाल, हनुवटी, असे ठिपके द्यायचे आणि पसरायचं. डोळ्यांखाली नाही, नाकपुडीच्या खाचेत नाही, ओठांच्या कोपऱ्यांना नाही. वरनं हे लोशन." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता नीट ऐका. पहिले काही आठवडे तोंड बिघडेल. लाल होईल, सोलेल, जळजळेल. नवी मुरमंसुद्धा येतील. तिथंच माझे निम्मे पेशंट पळून जातात. दोन-तीन महिने दम धरला तर फरक दिसेल, त्याआधी आरसा काही गोड बोलायचा नाही. रोज आठवणीनं लावून कोण घेणार हिच्याकडून? तुम्ही आई ना?"

"नाही," मयूरी म्हणाली. दवाखान्यात शिरल्यापासनं तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द. तोही खिडकीला.

"म्हणजे, हिच्या वडिलांशी माझं..." मी सुरुवात केली.

"ते नंतर. आठवण कोण करणार तेवढं सांगा."

"मी," मी म्हटलं.

शिंत्र्यांच्या घरात मी आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पस्तिशी गाठलेली, भावाच्या घरी मशीनवर ब्लाऊज शिवत बसलेली. शाळा सातवीतच सुटली होती. पुढं जे काय शिकले ते ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायकांच्या पोरींच्या पुस्तकांतनं आणि भेळेच्या कागदांवरनं. ह्यांची पहिली बायको शैला, मयूरीची आई, तापानं गेलेली. हे बेदाण्याच्या शेडवर दिवसभर, हंगामात तर जेवायलाही तिथंच. घरात आम्ही दोघी. मला 'मावशी' म्हण असं ह्यांनी लेकीला सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं होतं, एवढंच. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती हवेला विचारायची, "पाणी तापलंय का?" आणि हवेच्या वतीनं मी सांगायची, "तापलंय."

दिवाळीनंतर तिनं कॉलेजला जायचं सोडलं. अकरावीचं वर्ष. ओळखपत्रासाठी फोटोवाला आला होता, तेव्हा वर्गातला कुणीतरी त्याला म्हणाला होता, "हिचा जरा लांबनं काढा." सगळा वर्ग हसला. हे मला तिनं नाही सांगितलं, ब्लाऊज शिवायला आलेल्या एका बाईनं सांगितलं. मुरमं म्हणजे दोन-चार नव्हती. गालांवर, जबड्यावर गाठीच्या गाठी. कुशीवर वळली की कळ यायची, हे मी भिंतीपलीकडनं ऐकत होते. म्हणून तर मिरजेला नेलं. ती माझ्यामागनं आली ती केवळ वाद घालायला माझ्याशी बोलावं लागलं असतं म्हणून.

घरी आल्यावर मी सासऱ्यांचं जुनं धोतर फाडलं. तिच्या उशीचे दोन अभ्रे शिवले, एक टॉवेल केला. कडा दुमडल्या, हेम घातली. रंग उडायची गोष्ट तिला पुन्हा सांगितली. तिनं खांदे उडवले. उशी झाली, टॉवेल झाला. मला वाटलं, झालं.

थोडे दिवस काहीच झालं नाही. मग झालं.

एका सकाळी ती न्हाणीघरातनं बाहेर आली तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडीचे पापुद्रे सुटलेले, हनुवटी जागोजाग लाल, कपाळावर नवी मुरमं. हसायचं म्हटलं तरी ताणलं असतं. अर्थात हसायचा प्रश्न आमच्या घरात फारसा येत नव्हता. मी मलमलचा तुकडा माठाच्या पाण्यात भिजवून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला आणि तोंडावर ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी दवाखान्यात फोन लावला.

"एक रात्र आड करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आधी थोडं लोशन, मग औषध, वर पुन्हा लोशन. बंद नका करू."

"म्हणजे घडीच्या पोळीत तेल असतं तसं औषध मधे."

"अगदी तसंच," त्या हसल्या. "तुम्ही करताय बरोबर. तिला धीर द्या."

धीर द्या म्हणे. तो काय वाटीत काढून द्यायचा असतो?

"आज रात्री सुट्टी द्यायची," मी मयूरीला सांगितलं. "उद्या परत. हे असं होणार म्हणून सांगितलंच होतं की त्यांनी. जरा सोसायचं."

तिनं मलमल तोंडावरनं काढली. "तुम्हाला काय कळतंय कसं जळतं ते? तुमचं तोंड बघा की. कधी एक पुटकुळी तरी आलीय का?"

ती माझ्याशी एवढं लांब पहिल्यांदाच बोलली होती. मी हात पुसत आरशासमोरनं गेले. रंगरूपात देवानं माझ्याबाबत हात आखडता घेतला होता, पण कातडी तेवढी चोख दिली होती. मी भांडी घासायला बसले.

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला विमलवन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, जयसिंगपूरची. शैला गेली तेव्हा आपलं घर सुनेवर टाकून त्यांनी इथं दीड वर्ष काढलं होतं. मयूरीची शाळा, दहावी, सगळं त्यांनी केलं. मला बघायला त्याच आल्या होत्या, आणि भावाला "हीच कर" म्हणणाऱ्याही त्याच. तेव्हा त्यांना वाईट म्हणायची सोय नाही.

उंबऱ्यातच त्यांनी मयूरीची हनुवटी धरली. "अगं बाई! काय हे तोंड करून ठेवलंय माझ्या पोरीचं!"

"औषध चालू आहे वन्सं. आधी असंच होतं म्हणाल्यात डॉक्टर."

"आधी वाईट आणि मग बरं, असलं कुठलं औषध गं? आम्हाला नव्हती का मुरमं? लग्न झालं, गेली."

"मग हिचं काय अकरावीतच करायचं?"

"तोंड बरं चालतंय तुझं," वन्सं म्हणाल्या, पण हसल्या. मग हातपाय धुऊन मयूरीच्या खोलीत गेल्या आणि तिथनंच ओरडल्या, "आणि हे काय गं? उशीला पांढरं, टॉवेल पांढरा. कुणी गेलंय का घरात?"

म्हणाल्या आणि थांबल्या. मयूरी उठून परसात गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसुराचं पीठ, हळद आणि लिंबू कालवलं, आणि तिला परसातल्या दगडावर बसवलं.

"वन्सं, घासायचं नाही त्यांनी सांगितलंय. लिंबू तर नकोच."

"इंदू, तू आपलं शिवणकाम बघ. माझ्या हाताखाली वाढलीय ही."

मयूरीच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी येत होतं. पण माझ्याजवळ कुरकुरणारी पोर तिथं ओठ दाबून बसली होती. 'जळतंय' म्हणाली नाही. मी मशीनवर जाऊन बसले आणि एक बाही उलटी जोडली.

रात्री मात्र फळीवरची ट्यूब ती घेत होती. का, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. विचारलं की ती सोडून देईल अशी भीती होती. दिवसा आत्याचं लिंबू, रात्री डॉक्टरांचं औषध, आणि मधल्या मधे तिचे गाल. वन्संना मी आडून सांगून बघितलं, सरळ सांगून बघितलं. शेवटी लिंबंच परडीखाली लपवून ठेवली.

"लिंबं कुठं गेली गं?"

"उंदरांनी नेली असतील."

"उंदीर लिंबू खातो?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "आणि तुझं काय हे? तुझंही नाक सोललंय."

"थंडी."

"काल म्हणालीस तळणाची वाफ लागली."

"दोन्ही," मी म्हटलं.

तो शनिवार होता. वन्सं आणि मी चुलीपाशी चहा घेत बसलो होतो, हे शेडवर जायला निघालेले, दारात चपला घालत होते. मयूरीला उठायला उशीर झाला होता, ऊन खोलीत आलं होतं. ती आली ती छातीशी एक गोधडी धरून. तिनं ती स्वयंपाकघराच्या फरशीवर उलगडली.

मी ती गोधडी पहिल्यांदा बघत होते. बारीक, एकसारखे टाके. कडेला हिरवं, मधे जांभळी इरकल, तिचे तांबडे काठ दोन्हीकडे सोडलेले. आणि उशाकडच्या बाजूला, त्या जांभळ्यावर, फटफटीत पिवळट डाग. एक तळहाताएवढा, बाकीचे बोटांएवढे.

"ही माझ्या हातची," वन्सं म्हणाल्या. कप खाली ठेवून त्या पुढं वाकल्या. "शैलाची इरकल ही. ही कुठं होती?"

"ट्रंकेत," मयूरी म्हणाली. "रोज झोपताना दिवा घालवून काढते. उजाडायच्या आत ठेवते. कुणाला दिसू नये म्हणून." त्या घरात 'कुणाला' म्हणजे कोण, हे काही कोडं नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहिती होतं. रंग उडतो हे तुम्हाला माहिती होतं."

"उशीचं माहिती होतं गं. गोधडी आहे हेच मला..."

"आईची होती!"

घसा बसेल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली. मग आवाज एकदम खाली गेला. "मला तिचं तोंडही नीट आठवत नाही आता. हेच होतं."

"चंदू, इकडं ये," वन्संनी ह्यांना हाक मारली. "बघ हे. कापडाचा रंग खातं, ते पोरीच्या तोंडाचं काय करंल? औषध आहे का अ‍ॅसिड?"

प्रश्न काही वेडा नव्हता. मीही दवाखान्यात मनात तोच विचारला होता. ह्यांनी एक चप्पल घातलेली, एक हातात. गोधडीकडे बघितलं, लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"इंदू, नीट विचारून आणलंयस ना औषध?"

लग्नाला होकार देताना ह्यांनी मला एकच सांगितलं होतं, पोरीला जप. तेव्हा आवाजात विनंती होती. आता शंका होती. मी म्हटलं, "हो." आणखी काय म्हणायचं होतं?

"उद्या मी घेऊन जाते हिला," वन्सं म्हणाल्या. "तिकडच्या कॉलेजात नाव घालू. इथं काही खरं नाही."

हे दुसरी चप्पल घालून निघून गेले. ह्यांचं न बोलणं म्हणजे हो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मयूरी फळीपाशी गेली, ट्यूब उचलली आणि केराच्या बादलीत टाकली.

मी दुपारी बादली रिकामी करायला नेली तेव्हा ती बाहेर काढली, पुसली आणि फळीवर होती तिथं ठेवली. वन्संनी ते पाहिलं. "सोडवत नाही का गं तुला?" एवढंच म्हणाल्या. रागानं नव्हे. मला तेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी मी परसात धुणं धूत होते. आत बॅग भरायची गडबड चालली होती. मोठी बॅग आमच्या खोलीत कपाटावर असायची, ती काढायला मयूरी आत गेली होती. बराच वेळ झाला तरी काही पडल्याचा आवाज नाही, आपटल्याचा नाही. मी साबण लावत राहिले. वाटलं, आता ही ट्रंक, ती गोधडी, ते वाळत घातलेले दोन अभ्रे, सगळं जाईल आणि मी पुन्हा हवेशी बोलायला मोकळी. तसंही तिच्याऐवजी हवाच जास्त बोलायची माझ्याशी. तरी एकाच काठाला मी पुन्हा पुन्हा साबण लावत होते.

पावलं वाजली. ती मागच्या दारात उभी होती. हातात बॅग नव्हती. माझी उशी होती.

"हे काय आहे?"

"उशी."

"अभ्र्यावर काय आहे?"

तो अभ्रा माझ्या रुखवतातला. गर्द मोरपंखी, कडेनं मी स्वतः भरलेली साखळी. एका बाजूला पिवळट डाग. एक मोठा, आसपास लहान.

"तेलाचे डाग असतील," मी म्हटलं.

"तेलाचे डाग काळे पडतात."

ती पायरी उतरून आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. त्या घरात आल्यापासनं माझ्या तोंडाकडे तिनं एवढ्या जवळनं कधी बघितलं नव्हतं. माझे हात साबणात होते, तोंड लपवायला काही नव्हतं. तिच्याकडे निदान ओढणी असायची.

"तुम्ही लावता?"

"थोडंसं."

"तुम्हाला कुठं मुरमं आहेत?"

"नाहीत."

"मग?"

"तू म्हणालीस ना, तुम्हाला काय कळतंय. तेव्हापासनं लावते."

"मी म्हटलं म्हणून?"

"विचारलंस तर उत्तर द्यायला नको?"

माझ्या हातातलं लुगडं पाण्यात सुटून गेलं, मी ते पुन्हा धरलं.

"मग कळलं?" तिनं विचारलं.

"आधी नाही. आधी वाटलं, ही पोर उगाच बाऊ करते. मग एक दिवस आमटीवरचं झाकण काढलं, वाफ तोंडावर आली आणि मी पळी टाकून इथं हौदापाशी पळाले. तू ह्या असल्या तोंडाला लिंबू कसं लावून घेतलंस गं?"

"आत्याला वाईट वाटलं असतं."

"आणि मला सांगताना बरं वाटायचं?"

तिचे ओठ हलले, पण तिनं ते आवरले. "हसवू नका. ताणतं."

"माझंही."

"किती लावता?"

मी तर्जनीचं पेर दाखवलं, बुडापासनं टोकापर्यंत.

"एवढं?" ती उडालीच. "वाटाण्याएवढं म्हणाल्या होत्या त्या! सगळ्या तोंडाला मिळून! आणि हे ओठांचे कोपरे बघा, फाटलेत. कोपऱ्यांना लावायचं नाही. नाकाच्या खाचेत नाही. आधी लोशन लावता का?"

"लोशन तुझं आहे."

"ट्यूबही माझीच आहे! तुम्ही ऐकत नव्हता का तिथं?"

खिडकीकडे तोंड करून बसलेल्या पोरीनं शब्द न शब्द ऐकला होता.

"ऐकत होते," मी म्हटलं. "पण दिवा घालवल्यावर लावते. ह्यांना कळू नये म्हणून. अंधारात कुठला वाटाणा आणि कुठला कोपरा?"

मांडीवरच्या उशीवर तिचं बोट फिरत होतं, मोठ्या डागाच्या कडेकडेनं.

"पांढरा अभ्रा का नाही घातला?"

"धोतर पुरलं नाही."

तिनं उशीत तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय ते मला कळेना, आणि साबणाच्या हातांनी पाठीवर हात तरी कसा ठेवायचा? मी नळ बंद केला. मला तेवढंच सुचलं.

"मयू!" आतनं वन्संची हाक आली. "बॅग मिळाली का? गाडी चुकंल!"

ती उठली, नाक पुसलं आणि उशी घेऊनच आत गेली. मी मागनं गेले, दारातच थांबले.

"आत्या, मी परीक्षा इथनंच देते, मग येते."

वन्सं ट्रंकेजवळ बसल्या होत्या. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हिनं काय सांगितलं तुला?"

"काही नाही. त्यांना स्वतःला धड लावता येत नाही. मी गेले तर तोंड जाळून घेतील."

"कुणाला? काय?"

मयूरीनं उशी पुढं केली. वन्संनी अभ्रा बघितला. मग माझं नाक बघितलं, ओठांचे कोपरे बघितले. थंडी आणि तळणाची वाफ त्यांच्या मनात आपापल्या जागी बसत असणार. "शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. कुठल्या अर्थानं, ते त्यांनाच ठाऊक. त्यांचे डोळे भरले होते. दीड वर्ष जिला उराशी घेऊन झोपवलं ती पोर आपल्याबरोबर येत नाही, हे गिळायला त्यांना वेळ लागत होता. मी नजर वळवली.

"बरं," शेवटी त्या उठल्या. "निदान गोधडी दे. शैलाची आणखी एक साडी आहे माझ्याकडं. ठिगळ लावून पाठवते."

मयूरीनं गोधडी कॉटवर पसरली. मग आमच्या दोघींदेखत ती तिच्यावर आडवी झाली, कुशीवर, आणि गाल बरोबर त्या मोठ्या डागावर ठेवला. हात उशाशी घेतला. बोटं लहान डागांवर बसली, एकही इकडंतिकडं नाही.

"हा माझा गाल, आत्या. ही बोटं. मी अशी झोपते. ठिगळ लावलंस तर मी आईजवळ कुठं झोपत होते ते कुणाला कळणार?"

वन्सं कॉटपाशी खाली बसल्या. त्यांनी डागावर हात ठेवला, म्हणजे तिच्या गालावरच. मग बोटांना सोलपटं लागली म्हणून हात उचलला, केसांवर नेला. बाहेर गाडीची वेळ होऊन गेली. कुणी उठलं नाही.

"पण आणखी डाग पडतील की गं," वन्सं म्हणाल्या. "ते औषध तू आता सोडायची नाहीस असं दिसतंय."

"नाही सोडणार."

"मग एवढ्या भागाला पांढरं कापड तरी लावा वरनं. इंदू, आण की."

"धोतर संपलंय वन्सं."

त्यांनी पिशवी पुढं ओढली. तळातनं आपला पांढरा पंचा काढला, नवाकोरा, घडीही न मोडलेला. "सुई दे," त्या म्हणाल्या. मी दिली. त्यांनी तो गोधडीच्या उशाकडच्या बाजूला मोठ्या मोठ्या टाक्यांनी टाचला, धुवायला उसवता यावा म्हणून. मी दुसऱ्या टोकाकडनं टाचत आले. मधे आमच्या सुया एकमेकींना लागल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिंबं कुठं ठेवलीस ती काढ आता. सरबत करू. पिता तरी येईल ना?"

त्या संध्याकाळच्या गाडीनं गेल्या.

आता ह्याला खूप वर्षं झाली. मयूरी पुण्यात असते, नोकरी करते. जबड्यापाशी खड्डे राहिलेत, राहायचेच होते. तिनं मला 'आई' कधी म्हटलं नाही, मीही वाट बघितली नाही. तरी ती फोनवर "इंदूमावशी, जेवलीस का?" म्हणते तेव्हा मी नुकतीच जेवले असले तरी जरा थांबून सांगते, तेवढाच आवाज जास्त ऐकायला मिळतो. गोधडी तिच्याजवळ आहे. ती इरकल धुऊन धुऊन इतकी विटलीय की डाग शोधावे लागतात. मागच्या खेपेला गेले तेव्हा तिची लेक त्या गोधडीवर झोपली होती. मी न शोधता डागावर बोट ठेवलं.

पण मला आठवते ती पुढची मिरजेची खेप. उन्हाळा लागला होता. तोंड अजून सुधारलेलं नव्हतं, नुसतं बिघडायचं थांबलं होतं. एसटीत मयूरीनं ओढणी नाकापर्यंत घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चष्मा पुसून पुन्हा माझ्याकडे.

"पेशंट कोण आहे तुमच्यातलं?"

"मी," मयूरी म्हणाली. तिनं ओढणी स्वतःच खाली केली.

"मग ह्यांच्या तोंडाला काय झालं? आणि ह्या कोण? मागच्या खेपेला नीट सांगितलं नाहीत तुम्ही."

मी सांगायला तोंड उघडलं. ह्यांची दुसरी बायको, शैला, ताप, कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.

"ह्या माझ्याबरोबर आहेत," मयूरी म्हणाली.

मग ती खिडकीकडे बघत बसली. ओढणी मांडीवरच राहिली.